जुनं कोळशाचं वीजकेंद्र बायोमासवर न्यायचंय? परवानग्यांआधी इंधनाचा तक्ता करा

विचारणा थोडक्यात अशी आहे: ५० मेगावॉटचं जुनं कोळशाचं वीजकेंद्र, तीन वर्षांपासून बंद. नव्या मालकांना ते बायोमासवर चालवायचं आहे. इंधन म्हणून ‘लाकडाच्या ढलप्या, शेतीतले अवशेष आणि स्वस्तात मिळेल ते टाकाऊ लाकूड’. जुन्या परवानग्या चालतील का, नव्या कोणत्या आणि कुठल्या क्रमाने घ्यायच्या, वेळ किती जाईल, असे तीन प्रश्न आहेत.

देश सांगितलेला नाही, त्यामुळे खात्यांची नावं देत बसत नाही. ती सगळीकडे वेगळी असतात आणि अधिकारही वेगवेगळे वाटलेले असतात. पण हवा, पाणी, राख, आग, बॉयलर, रस्ता आणि ग्रिड हे विषय कुठेही चुकत नाहीत. मी अशा अर्जांची कामं अर्जदाराच्या बाजूने करत आलो आहे, तेव्हा खालचं सगळं त्या खुर्चीतून दिसलेलं आहे असं समजा.

परवानग्यांची यादी तुम्हाला कोणताही बरा सल्लागार आठवडाभरात काढून देईल. तुमचं घोडं अडणार आहे ते इंधनाच्या त्या एका वाक्यापाशी. तुम्ही सहज लिहिलेली ती तीन इंधनं कायद्याच्या नजरेत जवळजवळ तीन वेगळी केंद्रं आहेत.

स्वच्छ लाकडाच्या ढलप्या हे त्यातलं सगळ्यात साधं प्रकरण. गंधक नगण्य, क्लोरीन नगण्य, राख कमी. पेंढा किंवा तत्सम शेतीअवशेष घेतले की क्लोरीन आणि पोटॅशियम कितीतरी पटींनी वाढतात. पोटॅशियममुळे राख कमी तापमानालाच वितळून सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्यांना चिकटते, क्लोरीन त्या नळ्या खातं, आणि चिमणीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडायला लागतं. म्हणजे हवेच्या अर्जात एक नवा प्रदूषक, आणि बॉयलर तपासणाऱ्या खात्यापुढे गंजण्याचा एक नवा प्रश्न.

तिसरं इंधन सगळ्यात घातक. टाकाऊ लाकडात पाडलेल्या इमारतींचं, रंग दिलेलं, रसायन पाजलेलं लाकूड आलं, तर तुमचं वीजकेंद्र कचरा जाळण्याच्या नियमांखाली जाऊ शकतं. युरोपीय संघाच्या २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात ही रेघ अगदी स्पष्ट आहे: शेती आणि जंगलातला वनस्पतीजन्य कचरा चालतो, पण प्रक्रियेमुळे किंवा रंगामुळे ज्यात हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं असलेली) संयुगं किंवा जड धातू असू शकतात असं लाकूड जाळलं की कचरा-दहनाचं प्रकरण लागू होतं. मग धूर किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसला राहिला पाहिजे, डायऑक्सिन ही विषारी संयुगं मोजली पाहिजेत, जड धातू मोजले पाहिजेत. जुन्या कोळशाच्या बॉयलरमध्ये ही दोन सेकंदांची अट बसवणं म्हणजे बहुतेक वेळा भट्टीच नव्याने बांधणं. अमेरिकेतही जाळायचा पदार्थ इंधन ठरतो की घनकचरा, यावरच बॉयलरला कुठला नियम लागणार ते ठरतं.

एका अर्जाची पूर्व-बैठक मला चांगली लक्षात आहे. अर्ज जाडजूड होता, नकाशे रंगीत होते. अधिकारी बाईंनी ते सगळं बाजूला सारलं, इंधनाचं पान उघडलं आणि यादीच्या शेवटी असलेल्या ‘व इतर जैविक पदार्थ’ या चार शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला. बैठकीचा उरलेला सगळा वेळ त्या गोलावरच गेला. प्रकल्पवाल्यांना वाटत होतं की मोघम लिहिलं की हात मोकळे राहतात. तपासणाऱ्याला मात्र मोघम यादीत सगळ्यात वाईट इंधनच दिसतं, आणि तो मर्यादाही त्याच हिशेबाने घालतो.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या अर्जातून टाकाऊ लाकूड काढूनच टाका. पुढे केंद्र सुरळीत चाललं, मोजमापाचे आकडे हाती आले, की दुरुस्ती अर्ज करून ते मागता येतं. स्वस्त इंधनाच्या लोभाने पहिलाच अर्ज जड करणं मला कधीच पटलेलं नाही. एकदा कचरा-दहनाचा शिक्का बसला की परवानगी देणाऱ्यांच्या आधी शेजारची वस्ती विरोधात उभी राहते.

उरलेल्या इंधनांसाठी एक तक्ता बनवा. प्रत्येकाची ओल, राख, क्लोरीन, नायट्रोजन, गंधक, पोटॅशियम, जड धातू, तुकड्यांचा आकार. घन जैवइंधनांच्या प्रतवारीसाठी आयएसओ १७२२५ ही मालिका आहे, तिचे वर्ग वापरलेत तर तपासणारा आणि तुम्ही एकाच मापाने बोलाल. पुढचा रकाना पुरवठ्याचा: कुठून, किती अंतरावरून, वर्षाला किती टन, कुठल्या हंगामात. आणि शेवटचा रकाना लोक विसरतात तो, म्हणजे फाटकावर माल नाकारण्याची कसोटी. ओल अमुक टक्क्यांच्या वर, किंवा रंगाचा तुकडा दिसला, तर ट्रक परत. हा रकाना असला की अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, कारण कागदावरची मर्यादा फाटकावर कशी पाळली जाणार ते त्याला दिसतं.

पुरवठ्याचा रकाना का महत्त्वाचा, याचं उत्तम उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या गार्दान इथलं आहे. तिथल्या १५० मेगावॉटच्या कोळशाच्या संचाचं लाकडावर रूपांतर झालं. केंद्राची परवानगी मार्सेच्या प्रशासकीय न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. कारण चिमणीचं किंवा बॉयलरचं नव्हतं. पर्यावरणावरच्या आघात-अभ्यासात केंद्राच्या आसपासचा परिसर होता, पण ज्या जंगलांतून लाकूड येणार त्यांच्यावर काय परिणाम होईल याचा पुरेसा विचार नव्हता. पुढे अपिलात निकाल फिरला आणि २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो अपिलाचा निकालही रद्द केला. यंत्रं बसवून झाल्यावर इतकी वर्षं कागदावर टांगतं राहणं कुठल्या प्रकल्पाला परवडेल? तेव्हा अभ्यासाची हद्द कुंपणापाशी थांबवू नका. लाकूड जिथून येतं तिथपर्यंत ती न्या, खात्याने मागितली नाही तरी न्या. युरोपीय संघात तर इंधनाच्या पर्यावरणीय टिकाऊपणाचे निकष आता ७.५ मेगावॉट औष्णिक क्षमतेपासूनच्या (विजेची नव्हे, इंधनाच्या उष्णतेची क्षमता) घन बायोमास केंद्रांना लागू आहेत. २०२३ च्या सुधारणेआधी ही मर्यादा २० होती. निकष पाळले नाहीत तर अनुदानही नाही आणि कार्बन हिशेबात शून्य धरण्याची सवलतही नाही.

आता जुन्या परवानग्या. काही वापरता येतील, पण त्यांची खरी किंमत वेगळीच आहे. हवेच्या परवानगीत बऱ्याच ठिकाणी तुलना होते: आधी किती प्रदूषण होत होतं, आता किती होईल. कोळशाचा जुना आकडा ग्राह्य धरला तर तुमची बाजू भक्कम. तो धरला नाही तर तुमचं केंद्र कागदावर शून्यातून उगवलेलं नवं केंद्र. अमेरिकेत वीजकंपनीच्या संचासाठी ही आधाररेषा साधारणपणे बांधकाम सुरू होण्यापूर्वीच्या पाच वर्षांतल्या सलग २४ महिन्यांवरून काढतात. तुमचं केंद्र तीन वर्षं बंद आहे. अशा नियमाखाली तुम्ही अगदी कडेला उभे आहात, आणखी उशीर केलात तर चालू असलेले सलग २४ महिने त्या पाच वर्षांत सापडणारच नाहीत. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, पण घड्याळ चालू आहे असंच धरून चला आणि हा प्रश्न सगळ्यात आधी लेखी विचारा. सोबतच केंद्र ‘कायमचं बंद’ नव्हतं हे दाखवणारे कागद गोळा करा: देखभालीच्या नोंदी, भरलेली शुल्कं, विमा, कामावर ठेवलेली माणसं. जुनी परवानगी मात्र नवी हातात पडेपर्यंत कोणी कितीही गोड बोललं तरी परत करू नका.

याच तुलनेत एक फसगत आहे. ‘कोळशापेक्षा स्वच्छ’ हे वाक्य जनसुनावणीत चालतं, अर्जात नाही. अर्जात प्रत्येक प्रदूषक सुटा मोजला जातो. सल्फर डायऑक्साइड धाडकन खाली येईल, नायट्रोजन ऑक्साइड बहुधा कमी होतील, पण ओल्या ढलप्या नीट जळल्या नाहीत तर कार्बन मोनॉक्साइड वाढेल. अमेरिकी नियमांत जुन्या मोठ्या केंद्राच्या बदलाला कार्बन मोनॉक्साइडची वर्षाला १०० टनांची, नायट्रोजन ऑक्साइडची ४० टनांची आणि अतिसूक्ष्म कणांची १० टनांची वाढ पुरते, की मोठा आढावा सुरू होतो. गंधकात वाचवलेले हजार टन तिथे कामाला येत नाहीत.

आणखी एक गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात. बायोमासवर क्षमता घटते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आल्टाव्हिस्टा, होपवेल आणि साउथॅम्प्टन या तीन केंद्रांचं २०१३ मध्ये रूपांतर झालं तेव्हा प्रत्येकाची क्षमता ६३ वरून ५१ मेगावॉट झाली. क्षमता घटली की चिमणीतून निघणाऱ्या धुराचा वेग आणि उष्णता बदलते, धूर पूर्वीइतका वर चढेलच असं नाही. मग एकूण उत्सर्जन कमी असूनही जवळच्या वस्तीतली जमिनीलगतची मात्रा वाढलेली दिसू शकते. म्हणून धुराच्या प्रसाराचं गणित नव्याने करा, कोळशाच्या काळातलं डकवू नका.

रूपांतर म्हणजे नेमकं काय, तेही लवकर ठरवा. अमेरिकेतच न्यू हॅम्पशायरमधल्या शिलर केंद्रात २००६ मध्ये एका संचाचा कोळशाचा बॉयलर न वापरता लाकडासाठी नवा फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर (हवेने उचललेल्या वाळूच्या थरात इंधन जाळणारा) बांधला आणि जुनी टर्बाइन ठेवली. तांत्रिकदृष्ट्या मला हा मार्ग आवडतो, पण नवा बॉयलर म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रदूषणाच्या नव्या स्रोताला लागणाऱ्या मर्यादा. जुनाच बॉयलर ठेवायचा असेल तर बॉयलर निरीक्षक उर्वरित आयुष्याचा अभ्यास मागेल, नळ्यांची जाडी मोजायला लावेल. आणि भिंत फोडण्याआधी ॲस्बेस्टॉसची पाहणी, जुन्या केंद्रात ते निघतंच.

ट्रकांचा हिशेब मात्र सविस्तर करतो, कारण जनसुनावणीत प्रकल्प बुडतात ते बहुधा इथे. तुमचे ५० मेगावॉट घटून ४० झाले आणि कार्यक्षमता २८ टक्के धरली, तर भट्टीत साधारण १४३ मेगावॉट उष्णता लागते. ओल्या ढलप्यांत किलोमागे सुमारे १० मेगाज्यूल मिळतात. म्हणजे सेकंदाला १४ किलो, तासाला ५१ टन, दिवसाला बाराशे टनांच्या वर. २५ टनी ट्रक धरले तर रोज पन्नास. आता रात्री आणि आठवड्यातून एक दिवस वाहतूक बंद ठेवण्याची अट आली, जी येतेच, तर उरलेल्या सहा दिवसांत रोज ५८ ट्रक, येताना आणि जाताना मिळून बारा तासांत ११६ फेऱ्या. दर सहा मिनिटांनी एक ट्रक. हेच काम पेलेटवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या सुक्या गोळ्यांवर, केलं तर किलोला सुमारे १७ मेगाज्यूल मिळतात आणि त्या सहा दिवसांतले रोजचे ट्रक ५८ वरून ३४ च्या आसपास येतात. कोळसा रेल्वेने येत होता म्हणून गावाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. रेल्वेचा फाटा अजून शाबूत असेल तर त्याची डागडुजी हा तुमच्या अर्जातला सगळ्यात किफायतशीर खर्च ठरू शकतो. हा हिशेब तुम्ही स्वतः मांडा. विरोधकांनी मांडला तर तो सुनावणीच्या दिवशी मोठ्या फलकावर दिसतो.

साठवणुकीचं खातं वेगळं आणि आगीचं वेगळं असलं तरी दोघांशी एकत्र बोला. ढलप्यांचा ढीग आतून आपोआप तापतो. पेलेटची धूळ स्फोटक असते, आणि बंद जागेत पेलेट कार्बन मोनॉक्साइड सोडतात. २००६ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोरी बंदरात पेलेटच्या जहाजावर याच वायूने माणूस दगावला. इंग्लंडमधल्या टिलबरी केंद्रात रूपांतरानंतर लगेचच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली. अग्निशमनवाल्यांना पटेल असा आराखडा साधारण असा: सायलोत (साठवणीच्या उंच बंद कोठीत) वेगवेगळ्या उंचीवर तापमापक, वर कार्बन मोनॉक्साइडचा शोधक, माल बाहेर काढून फिरवण्याची सोय, आणि तळातून नायट्रोजन सोडण्याची नळयोजना. पाण्यावर विसंबू नका. सायलोतल्या पेलेटवर पाणी मारलं की ते फुगून दगडासारखे बसतात, मग माल निघत नाही आणि आगही आतच राहते.

इथे इंधनाची निवड पुन्हा सगळं बदलते. कॅनडात ऑन्टारियोतल्या २०५ मेगावॉटच्या ॲटिकोकन केंद्राने २०१२ मध्ये कोळसा थांबवला आणि २०१४ मध्ये साध्या पेलेटवर सुरुवात केली. त्यासाठी नवे सायलो आणि हाताळणीची नवी यंत्रणा उभारावी लागली. त्याच प्रांतातल्या थंडर बे केंद्राने २०१५ मध्ये वाफेने प्रक्रिया केलेले, पावसात टिकणारे पेलेट घेतले आणि साठवण-हाताळणीचा बराचसा खर्च टाळला. ते केंद्र २०१८ मध्ये बॉयलर गंजल्यामुळे बंद पडलं, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र एकतर्फी होईल.

राखेबद्दल दोन गोष्टी. कोळशाची राख सिमेंटवाले नेत होते म्हणून हीही नेतील असं धरू नका, ती मानकं कोळशाच्या राखेसाठी लिहिलेली आहेत. दुसरी गोष्ट जास्त महागाची: नवा अर्ज पडला की जुन्या राखेच्या तळ्याची फाईलही टेबलावर येते. भूजलाचे नमुने केंद्र विकत घेण्याआधी घ्या, नाहीतर आधीच्या मालकाचं दुखणं तुमच्या नावावर चढेल. पाण्याच्या परवानगीत नवं म्हणजे ढलप्यांच्या आवारातून वाहणारं काळपट पावसाचं पाणी. त्यात टॅनिन असतं, ते ओढ्यात जाऊ देता येत नाही, तेवढी टाकी नकाशात दाखवा.

ग्रिडची जोडणी ही या जुन्या केंद्राची खरी मालमत्ता. पण तो हक्क बंद केंद्राकडे कायम राहत नाही. अमेरिकेतल्या पीजेएम ग्रिडमध्ये केंद्र निष्क्रिय झाल्यावर, पुन्हा वापराचा अर्ज न केल्यास, तो एका वर्षात जातो. तुमचा शिल्लक आहे का, हे विचारणारं पत्र आजच पाठवा. गेला असेल तर नव्या केंद्राइतकीच रांग आहे, आणि मग सगळा आर्थिक हिशेब पुन्हा करावा लागेल.

तर क्रम असा धरा. आधी दोन पत्रं: ग्रिडला आणि हवेच्या खात्याला, जुन्या हक्कांबद्दल आणि आधाररेषेबद्दल. त्याच वेळी इंधनाचा तक्ता आणि पुरवठादारांशी प्राथमिक करार. मग पूर्व-बैठक, तीही शक्यतो सगळ्या खात्यांची एकत्र. त्यानंतर हवा आणि आघात-अभ्यास, कारण त्यांना वेळ लागतो. बॉयलर, अग्निशमन आणि बांधकाम त्यांच्या मागोमाग, नक्षे पक्के झाल्यावर. केंद्र चालू स्थितीत असतं तर मी थोडं बायोमास कोळशात मिसळून चाचणी घेण्याची तात्पुरती परवानगी मागायला सांगितलं असतं. चिमणीवर मोजलेला एक आकडा यंत्रविक्रेत्याच्या दहा हमीपत्रांना भारी पडतो. भारतात ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाने कोळशाच्या केंद्रांत ५ टक्क्यांपासून पेलेट मिसळणं बंधनकारक केलं. असे आकडे जवळच्या, तुमच्यासारखा बॉयलर असलेल्या केंद्राकडे असतील तर ते मिळवा. पण सरमिसळ आणि संपूर्ण रूपांतर या वेगळ्या परवानग्या आहेत, एकीवरून दुसरी मिळत नाही.

वेळेबद्दल माझा अंदाज: स्वच्छ लाकूड, जुनाच बॉयलर, आधाररेषा मान्य, तर वर्षाच्या आसपास. पूर्ण आघात-अभ्यास आणि सुनावणी लागली तर दीड ते तीन वर्षं. कोर्टकचेरी त्याच्या वर. ज्या सल्लागाराने तुम्हाला सहा महिन्यांचा शब्द दिला असेल, त्याने कुठलं इंधन धरलं होतं ते विचारा.

मसुदा परवाना हातात आला की मर्यादेच्या आकड्याइतकंच लक्ष सरासरीच्या कालावधीकडे द्या. पावसानंतर ढलप्यांची ओल एका दिवसात कुठल्या कुठे जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तासाभरासाठी उसळी घेतो. तोच आकडा तासाच्या सरासरीवर असेल तर तुम्ही दर पावसाळ्यात कसूरवार, आणि ३० दिवसांच्या सरासरीवर असेल तर आरामात आत. भट्टी पेटवण्याच्या आणि विझवण्याच्या तासांसाठी वेगळी अट मागा, पहिल्या काही महिन्यांच्या जुळवाजुळवीसाठी मुदत मागा. हे मसुद्याच्या टप्प्यावर मागितलं तर सहसा मिळतं. सही झाल्यावर त्यासाठी पुन्हा दुरुस्ती अर्ज करावा लागतो.